क्वीनचा साउंड म्हणजे फक्त फ्रेडी? मला पटत नाही

काळी_चार :
क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीत शिकला म्हणून आपल्याला जवळचा, ते ठीक. पण त्यापायी 'क्वीन म्हणजे फ्रेडी, बाकी तिघे साथीला' असं सर्रास लिहिलं जातं. माझ्या मते क्वीनची ओळख ब्रायन मेची गिटार. वडिलांबरोबर घरी बनवलेली 'रेड स्पेशल' : तीन बर्न्स पिकअप (तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले, प्रत्येकाला चालू-बंदचा आणि फेज (सिग्नलच्या लहरीची दिशा) उलटवायचा वेगळा स्विच. दोन पिकअप उलट फेजमध्ये टाकले की खालचे स्वर एकमेकांना खातात आणि गिटार नाकातून गायला लागते. पुढे ट्रेबल बूस्टर (सिग्नल, विशेषतः वरचे स्वर वाढवणारी डबी), मग व्हॉक्स एसी३० अँप, नॉर्मल चॅनल, व्हॉल्यूम पूर्ण. गेन (आवाज किती फाटावा ते) कमी-जास्त करायचा तो गिटारच्या व्हॉल्यूम नॉबने. तारा छेडायच्या प्लेक्ट्रमच्या जागी सहा पेन्सचं नाणं. क्वीनची गाणी वाजवणारे कव्हर बँड बूस्टरऐवजी आवाज फाडणारं डिस्टॉर्शन पेडल लावतात आणि अँप अर्ध्यावर ठेवतात. मग नॉब कमी केला तरी सूर स्वच्छ होत नाही, नुसता बारीक होतो.

मंद्र_सप्तक :
सामानाची यादी झकास, निष्कर्ष चूक. मे तशी गिटार का वाजवतो हे बघा की. फ्रेडी गाणी पियानोवर बांधायचा, आणि पियानोवाल्याला बी फ्लॅट, ई फ्लॅट या पट्ट्या सोयीच्या. गिटारवर तिथे मोकळ्या (बोट न दाबता वाजणाऱ्या) तारांचा काही उपयोग नाही. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' बी फ्लॅटमध्ये सुरू होते, ऑपेराचा भाग ए मध्ये, रॉकचा ई फ्लॅटमध्ये, शेवट एफ मध्ये. असल्या गाण्यात कॉर्ड बडवत बसता येत नाही, एकेक ओळ रचून थरावर थर द्यावे लागतात. ज्याला तुम्ही मेची शैली म्हणता, ती निम्मी तरी फ्रेडीच्या पियानोने लादलेली आहे.

तीन_आवाज :
दोघेही कोरस विसरलात. फ्रेडी, मे आणि ड्रमर रॉजर टेलर तिघे मिळून एकच ओळ एकाच सुरात गायचे, तीच पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करायचे, मग हार्मनीतली पुढची ओळ. त्यामुळे प्रत्येक सुरात तिघांचा पोत मिसळलेला : टेलरची धार, फ्रेडीचा जोर, मेचा गोलावा. एकट्याने सगळे थर गायले तर सारखाच कंप साचत जातो आणि आवाज कोरस पेडल (एका आवाजाचे अनेक भासवणारं यंत्र) लावल्यासारखा होतो. टेपचे २४ ट्रॅक भरले की थर एकत्र करून दुसऱ्या ट्रॅकवर उतरवायचे. प्रत्येक उतरवणीत खरखर वाढते, वरचे स्वर बोथट होतात आणि आतला तोल नंतर बदलता येत नाही. म्हणून तोल गातानाच जमवावा लागतो. निर्माता रॉय थॉमस बेकर आणि अभियंता माईक स्टोन यांनाही थोडं श्रेय द्या.

चार_तारा :
आणि बासवादक जॉन डीकन? कचऱ्यात सापडलेल्या ट्रान्झिस्टर बोर्डातून त्याने छोटा अँप केला, बॅटरीवर चालणारा, एकही नॉब नसलेला. १९७५ च्या 'गुड कंपनी'त क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन वाटतं ते मेची गिटार या अँपमधून वाजतेय. १९८० चं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' तर डीकनने लिहिलेलं, बास त्याचा, ऱ्हिदम गिटारही त्याचीच. ब्लँकेटं कोंबलेल्या कोरड्या ड्रमचा लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा) आणि भरपूर मोकळी जागा. रेड स्पेशल तिथे पाहुणी आहे.

काळी_चार :
पण डीकनच्या त्या अँपमध्ये शिरत काय होतं? बूस्टरमधून आलेली रेड स्पेशलच ना! आणि एका डिस्को गाण्यावरून अख्खं १९७० चं दशक खोडून निघत नाही.

मंद्र_सप्तक :
मग फ्रेडी गेल्यानंतरचं २००४ ते २००९ बघा. त्याच्या जागी पॉल रॉजर्स गायला, मे आणि टेलर जागेवर, गिटार तीच, अँप तेच. तरीही नाव 'क्वीन + पॉल रॉजर्स' असंच ठेवावं लागलं. गिटारवरच सगळं असतं तर अधिकचं चिन्ह लागलं नसतं.

चार_तारा :
हा पुरावा लंगडा आहे हो. डीकन १९९७ नंतर निवृत्तच होता. दोन माणसं गेल्यावर फरक नेमका कोणामुळे पडला, हे कसं ठरवणार?

तीन_आवाज :
टेलरचं ड्रमिंग अजून कोणी काढलंच नाही. स्नेअर ड्रमवर काठी पडते त्याच क्षणी तो हाय-हॅट (पायाने उघडायची-मिटायची झांजांची जोडी) किंचित उघडतो, त्यामुळे ठोक्याला 'त्स्स' अशी शेपटी येते. कव्हर बँडचे ड्रमर हाय-हॅट घट्ट मिटून वाजवतात, मग गिटारवाल्याने कितीही नाणी घासली तरी गाणं सपाट.