वायकाटो : गुरांच्या चेहऱ्याच्या एक्झिमासाठी पाण्यातले झिंक पुरेसे आहे का?

प्रश्न – मॉरिन्सव्हिलकर

नमस्कार. मी मूळचा सांगली जिल्ह्यातला असून सध्या न्यूझीलंडमध्ये वायकाटो भागातील मॉरिन्सव्हिलजवळच्या एका डेअरी फार्मवर कळपाची जबाबदारी सांभाळतो. जानेवारी संपत आला आहे, गेल्या आठवड्यात दोनदा पाऊस झाला आणि रात्रीही उकाडा जाणवतो आहे. परिसराच्या साप्ताहिक अहवालात, गुरांना ‘चेहऱ्याचा एक्झिमा’ हा आजार करणाऱ्या गवतावरच्या बुरशीच्या बीजाणूंची सरासरी एका ग्रॅम गवतामागे सुमारे १५,००० दिली आहे. मालकांचे म्हणणे असे की, या आजारापासून बचावासाठी पिण्याच्या पाण्यात झिंक सल्फेट सोडणारे यंत्र सुरू केले की काम झाले. दुभत्या गाईंपुरते ते मला पटते. परंतु कालवडी आणि वासरे ओढ्याकाठच्या वेगळ्या तुकड्यावर चरतात आणि टाकीकडे क्वचितच फिरकतात. त्यातच एक जर्सी गाय दोन दिवसांपासून दूध काढताना लाथा झाडते, कास चाटते आणि बाहेर सोडली की कुंपणालगतची सावली धरून उभी राहते. कातडीवर मात्र अजून काहीही दिसत नाही. हा त्याच आजाराचा आरंभ समजावा का, आणि परिसराच्या सरासरीवर किती विसंबावे?

उत्तर १ – पशुवैद्य, हॅमिल्टन

आधी त्या जर्सीबद्दल. आपण सांगितलेली लक्षणे या आजाराशी जुळतात. कातडी सोलवटण्यापूर्वीच गाय अस्वस्थ होते, सावली शोधते आणि दूध कमी देते. शिवाय जर्सी गाई फ्रिजियनपेक्षा याला लवकर बळी पडतात. तिला आजच सावलीत घ्या, हिरव्या गवताऐवजी वाळलेले गवत द्या आणि आपल्या पशुवैद्याकडून रक्तातील जीजीटी या विकराची तपासणी करून घ्या. यकृताला इजा झाली असेल तर विष पोटात गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत हा आकडा चढलेला दिसतो. एका गाईच्या कातडीवर आजार दिसतो तेव्हा साधारण दहा गाईंची यकृते आतून बिघडलेली असतात, असे इथे धरले जाते. म्हणून तिच्याबरोबर वरवर धडधाकट दिसणाऱ्या काही गाईंचेही रक्त तपासावे.

नावामुळे हा कातडीचा रोग वाटतो, पण मूळ दुखणे यकृताचे आहे. रायगवताच्या बुडाशी साचलेल्या मेलेल्या पाल्यावर वाढणाऱ्या बुरशीच्या बीजाणूंमध्ये स्पोरिडेस्मिन नावाचे विष असते. ते पित्तनलिकांना इजा करते, त्या सुजून तुंबतात, आणि हरितद्रव्याच्या पचनातून तयार होणारा फायलोएरिथ्रिन हा घटक पित्तावाटे बाहेर पडण्याऐवजी रक्तात साठतो. त्यावर ऊन पडले की कातडी भाजते. पांढऱ्या केसांचे पट्टे, कास आणि नाकपुड्यांच्या कडा आधी सोलवटतात. पित्तनलिकांवर पडलेले व्रण औषधाने जात नाहीत. वरून बरी झालेली गाय पुढच्या वेताच्या ताणाने कोसळू शकते, ती याच कारणाने.

म्हणूनच झिंक आधी द्यावे लागते. स्पोरिडेस्मिनची घातक रासायनिक क्रिया तांब्याच्या आधाराने चालते आणि झिंक त्या तांब्याला अडवते. दर किलो वजनामागे रोज २० मिलिग्रॅम शुद्ध झिंक, हे इथले रूढ प्रमाण आहे. ४५० किलोच्या गाईला ९ ग्रॅम लागते. ते झिंक ऑक्साइडमधून द्यायचे तर सुमारे ११ ग्रॅम भुकटी लागते आणि सात रेणू पाण्याच्या (हेप्टाहायड्रेट) झिंक सल्फेटमधून द्यायचे तर जवळपास ४० ग्रॅम. सल्फेटच्या पोत्यावर तो कोणत्या प्रकारचा आहे हे वाचल्याशिवाय हिशेब मांडू नका, कारण एक रेणू पाण्याच्या (मोनोहायड्रेट) प्रकारात झिंक बरेच अधिक असते.

उत्तर २ – ते अवामुतूचा गडी

डॉक्टरसाहेबांनी औषध सांगितले, मी पाण्याचे सांगतो, कारण फार्मवर घोळ होतो तो तिथेच. बुरशीला उबदार रात्री आणि ओल हवी असते. गवतालगतचे किमान तापमान सलग दोन-तीन रात्री १२ अंशांच्या वर राहिले आणि जोडीला चारेक मिलिमीटर पाऊस झाला की ती फोफावते. नेमक्या त्याच दिवसांत गवत ओले असते आणि जनावरे टाकीवर कमी येतात. म्हणजे धोका वाढतो त्याच वेळी पोटात जाणारे झिंक घटते. डबके, गळका नळ, ओढा असे दुसरे पाणी मिळाले की झिंकच्या तुरट पाण्याला गाय तोंड लावत नाही. त्यामुळे मात्रा एकदम पूर्ण सोडू नये. थोडक्यापासून सुरुवात करून आठवडाभरात चढवत न्यावी. दूध काढण्याच्या शेडची धुलाई त्याच नळावर असेल तर अर्धे झिंक फरशीवरून वाहून जाते, म्हणून ती जोडणी आधी वेगळी करून घ्या.

ओढ्याकाठच्या कालवडींना पाण्यातून संरक्षण मिळेल, ही आशा सोडा. त्यांना पोटात हळूहळू विरघळणारे झिंकचे बोलस (मोठ्या गोळ्या) द्यावेत. उत्पादनानुसार ते चार ते सहा आठवडे पुरतात. मात्र वजन काट्यावर करावे, अंदाजाने नव्हे.

परिसराची सरासरी हा केवळ इशारा आहे. एकाच फार्मवर शेजारच्या दोन पॅडॉकांत (कुंपण घातलेल्या चराईच्या तुकड्यांत) आकड्यांचा मोठा फरक पडतो. चार पॅडॉक ठरवून घ्या आणि दर आठवड्याला त्यांतूनच नमुना काढा. तिरके चालत जाऊन दहाएक ठिकाणी कात्रीने जमिनीपासून एक सेंटिमीटरवर गवत कापा, उपटू नका, कारण माती आली की मोजणीत गोंधळ होतो. आणि फाटक, टाकी व कुंपणाच्या कडा टाळा. निवड करताना उत्तरेकडे उतरणारी, उन्हाची जमीन जरूर घ्या. इथे सूर्य उत्तरेला असतो, हे आपल्याकडच्या माणसाला पहिल्या वर्षी लक्षात राहत नाही. पशुवैद्याच्या दवाखान्यात ते गवत पाण्यात जोराने हलवून, त्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बीजाणू मोजतात. आकडा २०,००० कडे चढू लागला की पूर्ण मात्रेची वेळ झाली असे समजावे. आणि चराई खोडापर्यंत नेऊ नका. बीजाणू बुडाशीच असतात.

जाता जाता, झिंकचा हा उपाय प्रथम सुचवला तो आपल्या शेजारच्या ते आरोहा गावच्या ग्लॅडिस रीड या शेतकरी बाईंनी. शास्त्रज्ञांनी त्यांचे म्हणणे बरीच वर्षे मनावर घेतले नाही. १९७० च्या दशकात रुआकुरा येथील कृषी संशोधन केंद्राच्या संशोधकांनी प्रयोग करून ते सिद्ध केले.

उत्तर ३ – सावंतवाडीहून

आमच्याकडे चाऱ्याची टंचाई असली की गुरे घाणेरीचा पाला खातात आणि मग नाकाडावरची कातडी सोलवटते, डोळे पिवळे होतात, शेण घट्ट होते. हाच आजार म्हणावा का, आणि झिंक चालेल का?

उत्तर ४ – पशुवैद्य, हॅमिल्टन

उन्हाने कातडी भाजण्याची वाट तीच, पण यकृत बिघडवणारे विष वेगळे. घाणेरीतील लॅन्टाडीन या विषावर झिंकचा हा उपाय लागू नाही. तो पाला जनावराच्या पोटात साचून राहतो आणि विष झिरपत राहते, म्हणून जनावर तत्काळ सावलीत बांधून पशुवैद्याला बोलवा. ते सक्रिय कोळसा पाजण्याचा विचार करतील.

मॉरिन्सव्हिलकर, एक गोष्ट राहिली. या काळात तांब्याचे इंजेक्शन किंवा पूरक मात्रा देऊ नका, ती विषाला बळ देते. झिंकही जपून द्या. ते अति झाल्यास स्वादुपिंडाला इजा होते, म्हणून १०० दिवसांपलीकडे सलग देऊ नये. मात्रा सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर दहा-पंधरा गाईंच्या रक्तातील झिंक तपासा. टाकीत किती टाकले यापेक्षा गाईच्या अंगात किती गेले, ते त्यावरून कळते.

मॉरिन्सव्हिलकर

आभारी आहे. जर्सी शेडमध्ये घेतली असून रक्त उद्या पाठवतो आहे. बुरशीनाशक फवारण्याचाही मालकांचा विचार आहे. त्याची वेळ गेली का?

ते अवामुतूचा गडी

तुमच्या स्वतःच्या पॅडॉकांचा आकडा अजून २०,००० च्या खाली असेल तर गेलेली नाही. फवारा वाढ रोखतो, पण आधीच तयार झालेले बीजाणू नाहीसे करत नाही. पुढच्या तीन दिवसांत मोठा पाऊस नाही ना, ते पाहून घ्या. हिरवे, वाढते गवत असलेलेच पॅडॉक निवडा आणि फवारल्यानंतर चराईसाठी किती दिवस थांबायचे ते डब्यावर वाचा. कालवडींचा तुकडा पहिला घ्या.