२२ जणांच्या क्वायरनं 'तोतुस तूउस' गायला घ्यावं का?

मागच्या रांगेतली आल्टो

वसईला आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये मी सोळा वर्षं आल्टो गाते. आम्ही २२ जण आहोत. बायकांत सोप्रानो (वरचा आवाज) ९, आल्टो (खालचा) ६, पुरुषांत टेनर (वरचा) ३, बास (खालचा) ४. ८ सप्टेंबरला मरियामातेच्या जन्माचा सण. त्या मिस्साला कम्युनियननंतर पोलिश संगीतकार हेन्रिक गोरेस्कींचं (उच्चार चुकत असेल तर सांगा) लॅटिन गीत 'तोतुस तूउस' गावं असं मी क्वायर मास्टरांना सुचवलंय. वाद्य एकही नाही, चार आवाज, दहाएक मिनिटं.

पहिल्यांदा ऐकलं ते लोकलमध्ये, भाईंदर सोडल्यावर खाडीपुलावर. सुरुवातीलाच सगळा कोरस मोठ्यानं 'मारिया!' अशी हाक मारतो आणि थांबतो. परत हाक, परत थांबणं. डबा खडखडत होता तरी ती मधली शांतता मला ऐकू आली. माझी आजी संध्याकाळी क्रुसापाशी मेणबत्ती लावून 'नमो कृपापूर्ण मरिये' सुरू करायची, तेव्हा पहिला शब्द असाच मोठ्यानं घ्यायची, घरात विखुरलेल्या सगळ्यांना गोळा करायला. पुढची प्रार्थना मग हळू. ते एकदम आठवलं आणि नायगाव कधी गेलं कळलंच नाही.

अडचणी अशा. दोन सराव झाले. दोन्ही वेळा संपल्यावर कीबोर्डवर सूर लावून बघितला, तर आम्ही अर्धा सूर उतरलेलो. शेवटी तेच शब्द परत परत येतात, तिथे मोजताना चुकतो. आणि काही जण म्हणतात, "तेच तेच काय गायचं? लोक कंटाळतील." मास्टरांचं म्हणणं, हे मोठ्या कोरसचं काम आहे. तुम्हाला काय वाटतं?

खर्जातला

ताई, जरूर घ्या. मी पुण्यात बास गातो, आम्ही २६ जणांनी केलंय. पट्टी नक्की उतरते, कारण संथ आणि हळू गाताना पोटाचा आधार सुटतो. आम्हाला उपयोग झाला तो असा: 'तोतुस'मधला 'उ' जिभेमागे गिळायचा नाही, ओठांशी ठेवायचा. सूर तिथेच बसतो. खाली उतरताना पाऊल छोटं, वर चढताना मोठं, असं मनाशी धरायचं. स्वल्पविराम आला की सगळे एकदम श्वास घेतात, ते बंद करा. शेजारच्यानं घेतला की आपण घ्यायचा नाही, शब्दाच्या मध्येच कुठेतरी गुपचूप घ्यायचा. तुमचा खरा अडसर २२ हा आकडा नाही, ३ टेनर हा आहे. तिघांत श्वास वाटून घेता येत नाही. एखाद्या खालच्या आवाजाच्या आल्टोला तिकडे पाठवा.

आणि नोटेशनच्या प्रती विकत घ्या, झेरॉक्स नको.

क्राकुफकर

उच्चार 'गुरेत्स्की'. पोलिशमध्ये डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ओ' आपल्या 'उ'सारखा बोलतात. मी राहतो त्या शहराच्या नावातही तोच आहे, म्हणून क्राकुफ.

ताई, तुमच्या आजीची हाक वाचून लिहायलाच बसलो. गुरेत्स्कींच्या संगीतात हाक फार मोठी गोष्ट आहे. ते दोन वर्षांचे असताना त्यांची आई गेली. १९७१ साली तिच्या स्मरणार्थ त्यांनी 'आद मात्रेम' लिहिलं, त्यात कोरस 'मातेर मेआ', माझी आई, असं ओरडतो. गाण्यासारखं नाही, अंधारात हात पुढे करून हाक मारावी तसं.

माझ्या रोजच्या वाटेवर फ्रान्सिस्कन बॅसिलिका (मोठं चर्च) लागते. आत भिंतींवर चित्रकार विस्प्यान्स्कीनं रंगवलेली फुलं आहेत, समोर रस्त्यापलीकडे बिशपांचा वाडा. १९७७ साली इथले कार्डिनल वोयतिवा यांनी गुरेत्स्कींना काम दिलं: संत स्तानिस्वाव यांच्या हौतात्म्याला १९७९ मध्ये ९०० वर्षं होणार, त्यासाठी रचना करा. राजाच्या हुकमानं मारलेला बिशप, हा विषय कम्युनिस्ट सरकारला सोसणारा नव्हता. त्यात १९७८ ला वोयतिवा पोप झाले, दुसरे जॉन पॉल. गुरेत्स्की तेव्हा कातोवित्सेच्या संगीत विद्यालयाचे प्रमुख होते, १९७९ मध्ये त्यांनी ते पद सोडलं. ९ जून १९७९ ला याच बॅसिलिकेत, पोप समोर बसलेले असताना, ती रचना, 'बेआतुस वीर', सादर झाली आणि संचालन स्वतः गुरेत्स्कींनी केलं. बॅरिटोन, कोरस आणि भलामोठा ऑर्केस्ट्रा. सुरुवात कशी? 'दोमिने!' प्रभू! पुन्हा 'दोमिने!' स्तोत्राचे बाकीचे शब्द नंतर.

त्यांचं 'मिझेरेरे' तर नक्की ऐका, गायला मात्र घेऊ नका. त्याला किमान १२० आवाज लागतात. मार्च १९८१ मध्ये पोलंडमधल्या बिदगोश्च गावात तिथल्या शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी मारहाण केली, त्यानंतर ते लिहिलं आणि त्या गावाला अर्पण केलं. डिसेंबरात देशात लष्करी कायदा लागला, रचना पडून राहिली. पहिला प्रयोग थेट सप्टेंबर १९८७ मध्ये, व्वोत्सवावेकला. शब्द पाचच. 'दोमिने देउस नोस्तेर', आमच्या प्रभू देवा, एवढंच अर्धा तास. सगळ्यांत खालच्या बासपासून सुरुवात, मग एकेक आवाज वर चढत जातो. 'आमच्यावर दया कर' हे दोन शब्द अगदी शेवटी येतात, तेही हळू. मागणं काय ते सांगण्याआधी हाक पोचली पाहिजे, असं मला ते ऐकताना दर वेळी वाटतं. 'तोतुस तूउस' त्याच १९८७ सालचं, पोपच्या तिसऱ्या पोलंडभेटीसाठी केलेलं. 'मी सर्वस्वी तुझा' हे पोपचं बोधवाक्यच होतं.

मंद्रसप्तक

मला पाश्चात्त्य संगीत फारसं कळत नाही, ख्यालाचा श्रोता आहे. वरचं वाचून काल रात्री 'मिझेरेरे' लावलं. मंद्रातून एकेका स्वराची बढत ऐकायची सवय असलेल्याला ते परकं वाटलं नाही. तार षड्ज येईपर्यंत थांबायला आपण शिकलेलोच असतो. "तेच तेच" म्हणणाऱ्यांना विचारा, कीर्तनात 'विठ्ठल विठ्ठल'चा गजर कितव्या वेळी नकोसा होतो? बंदिशीचा मुखडा दर आवर्तनाला परत येतो, तोही तेच तेच म्हणायचा का?

मागच्या रांगेतली आल्टो

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरेत्स्की, आता चुकणार नाही.

रविवारी मास्टरांना हे सगळं वाचून दाखवलं. आल्टोत खालचा आवाज माझाच, म्हणून मीच टेनरकडे गेले. आता आम्ही चौघं श्वास वाटून घेतो: मी आणि डावीकडचे काका कधीच एकत्र घेत नाही. 'उ' ओठांशी आणल्यावर पट्टी पाव सुराच्या आसपासच उतरली. मोजण्यासाठी मी खिशात रोझरी ठेवते, शब्द परतले की एक मणी पुढे. कालच्या सरावात पहिल्यांदा चुकले नाही.

मास्टर म्हणाले, पहिल्या 'मारिया'नंतरची शांतता अजून कमी पडते, पुढच्या सरावात नुसती तेवढीच करू.