अनुभव धागा: रमजानमध्ये सहेरीला (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) तुमच्या घरी सर्वांत आधी कोण उठते?

2025 साली 30 मार्चला आमच्या इमारतीत गुढ्या उभ्या होत्या, त्याच संध्याकाळी चंद्र दिसला आणि 31 तारखेला ईद झाली. त्या दोन दिवसांत जिन्यावर पुरणपोळ्या खाली उतरत होत्या आणि शीर खुर्मा वर चढत होता. भांडी परत करायला आलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मला दारातच विचारले, "महिनाभर तुम्ही पहाटे उठता, पण तुमच्याकडे सगळ्यांत आधी कोण उठतं हो?" पाणीसुद्धा चालत नाही का, हा प्रश्न मला आजवर शंभरदा तरी विचारला गेला असेल, हा मात्र पहिल्यांदाच कोणी विचारला.

उत्तर सोपे होते. आई उठते. पण ते सांगताना मी ओशाळले, कारण मी 41 वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते आणि अजूनही आईने दार वाजवल्याशिवाय मला जाग येत नाही. ठाण्यातल्या राबोडीच्या आमच्या घरात ती मार्चमध्ये सव्वाचारला उठते. 2018 साली 17 मेपासून रोजे होते आणि सहेरी पावणेपाचच्या सुमारास संपत असे, तेव्हा ती साडेतीनलाच स्वयंपाकघरात असायची. मोठा दिवा ती लावत नाही. ओट्यावरच्या लहान बल्बच्या उजेडात तांदळाच्या पिठाची उकड मळते आणि पहिली भाकरी तव्यावर फुगल्यावरच आमची दारे वाजवते, कारण आम्ही आधी उठलो तर पायांत येतो, असे तिचे ठाम मत आहे.

ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या मंडळींनी आपापल्या घरचे लिहावे, ही विनंती. शेजारी, सहकारी आणि रोजा न ठेवणारे यांचेही स्वागत आहे. उपवासाचे आरोग्यावरचे परिणाम आणि राजकारण मात्र इथे नको. त्यासाठी जागा पुष्कळ आहेत.

कौसा, मुंब्रा (निवृत्त शिक्षिका)

मी कौशाची आहे. मुंब्रा स्टेशनाभोवती आज दिसतात त्या इमारती उभ्या राहण्याच्या कितीतरी आधीपासून आम्हा कोकणी लोकांची घरे इथे आहेत. लग्न मात्र उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबात झाले, आणि आम्ही कोकणी शाफई, तर सासरचे हनफी (सुन्नींमधल्या धर्मनियमांच्या या दोन परंपरा) असल्यामुळे माझ्या पहिल्या रमजानमध्ये घरात बारीकसारीक गमती बऱ्याच झाल्या. शाफईंची असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची, वेळ हनफींच्या आधी होते. मी असर पढून भज्यांचे पीठ भिजवायला बसले की सासूबाई दचकून घड्याळाकडे पाहायच्या, कारण त्यांच्या हिशेबाने अजून दुपारच होती. मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजची, वेळ दोघांचीही एकच, त्यामुळे निदान इफ्तारच्या वेळेवरून आमच्याकडे कधी वाद झाला नाही.

वाद झाला तो सहेरीच्या ताटावरून. सासरी खजला आणि फेणी, मैद्याचे हे तळलेले प्रकार, दुधात भिजवून खातात. माहेरी भाकरी आणि रात्रीचे उरलेले कालवण असायचे. खजला चवीला उत्तम, पण तो पोटात ठरत नाही आणि दहा वाजताच भूक लागते, हे माझे मत चाळीस वर्षांत बदललेले नाही. मुलांना खजलाच आवडतो. मी माझ्यापुरत्या दोन भाकऱ्या थापते.

फितऱ्याचे, म्हणजे ईदच्या निमित्ताने गरिबांना द्यायच्या दानाचेही तसेच. माहेरी ईदच्या आदल्या रात्री वडील ओटीवर बसून पितळी मापाने तांदूळ मोजायचे, माणशी सुमारे अडीच किलो. पाळण्यातल्या बाळाच्या नावाचा ढीगसुद्धा वेगळा निघायचा आणि त्यावर आम्हा भावंडांचे भांडण व्हायचे, कारण प्रत्येकाला आपला ढीग सर्वांत मोठा हवा असे. सासरी गव्हाच्या दराने पैसे काढतात. मिस्टर माझ्या नावचे पैसे देतात आणि मी त्यांना न सांगता तांदूळही देते, त्यामुळे माझा फितरा गेली कित्येक वर्षे दोनदा जातो आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून मिस्टर आधी उठतात. पहिल्या दिवशी त्यांनी गॅस पेटवण्याआधीच सगळ्यांना उठवले आणि आम्ही पाच माणसे रिकाम्या दस्तरखानाभोवती एकमेकांची तोंडे पाहत बसलो. राबोडीच्या ताईंच्या आईचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

मुंब्रा (रिक्षाचालक)

आमच्याकडे मी आधी उठतो असे म्हणता येणार नाही, कारण मी झोपलेलोच नसतो. रमजानमध्ये मी रात्रीची पाळी करतो. तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची जादा नमाज, संपली की बाजार भरतो आणि तो सहेरीपर्यंत चालतो. कपडे, चपला, बांगड्या घेऊन दोन वाजतासुद्धा सवारी मिळते. साडेतीनला रिक्षा लावून मी घरी येतो आणि बायकोला हाक मारतो.

1993च्या सुरुवातीस, दंगलीनंतर, आम्ही मुंबईतली खोली सोडून इथे आलो तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. फेब्रुवारीच्या अखेरीस रमजान लागला. आमच्या रांगेत सगळीच कुटुंबे नवी होती, कोणी कोणाला ओळखत नव्हते. वडील स्टीलचा पेला घेऊन निघायचे आणि प्रत्येक दाराच्या कडीवर तो दोनदा वाजवायचे. नाव ठाऊक नसल्यामुळे हाक मारता येत नव्हती. ईदपर्यंत त्यांना सगळ्यांची नावे पाठ झाली होती, तरी पेला वाजवणे त्यांनी सोडले नाही.

हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र, वर्ष आपल्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मी डिसेंबरचे रोजे पाहिले, ऑगस्टचे, मे महिन्याचेही पाहिले. आता पुन्हा तीच थंडी सरतानाची हवा आली आहे आणि पहाटे रिक्षा लावताना बोटांना तोच गारवा लागतो. वडील नाहीत. पेला आहे, त्यातून धाकटी सहेरीला दूध पिते.

घणसोली ते ठाणे (महापे येथे नोकरी)

प्रश्नाचे उत्तर देत नाही, कारण मी भावाकडे राहते आणि भाभीच सगळे करते. माझ्या वाट्याला येते ते इफ्तार, आणि तेही निम्मे दिवस लोकलमध्ये. मार्चच्या सुरुवातीला मगरीब पावणेसातच्या आसपास होते, म्हणजे ऐरोली सुटून ठाणे यायचे असते तेव्हा. पहिल्या वर्षी मी पर्समध्येच हात घालून चोरट्यासारखा खजूर खाल्ला. समोर एक बाई वर्तमानपत्रावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी जुडी बाजूला केली, कागदाचा कोरडा अर्धा भाग माझ्या मांडीवर सरकवला आणि म्हणाल्या, "नीट खा, सांडेल." त्यानंतर ईदपर्यंत त्या रोज ऐरोली सुटले की मला विचारायच्या, "झाली का गं वेळ?" वेळापत्रक माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त पाठ झाले होते. मी त्यांना खजूर द्यायचे, त्या मला कधी कधी निवडलेली मेथी द्यायच्या. त्यांचे नाव मी विचारले नाही आणि आता त्या दिसत नाहीत.

नेरूळ (महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

एक गोष्ट आमच्याकडे कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिते. मासिक पाळीच्या दिवसांत रोजा ठेवायचा नसतो. ते रोजे नंतर कजा म्हणून पूर्ण करायचे असतात. नियम स्पष्ट आहे, तो सगळ्यांना ठाऊकही आहे, आणि तरीही त्या दिवसांत मी, अम्मी आणि बाजी तिघीही अब्बा आणि भाईसमोर रोजा असल्यासारख्या वावरतो. सहेरीला उठतो, दस्तरखानावर बसतो, दुपारी स्वयंपाकघराचे दार लोटून ओट्याकडे तोंड करून उभ्या उभ्या दहीभात खातो आणि ताटली लगेच धुऊन ठेवतो. मागच्या खेपेला भाई पाण्याची बाटली भरायला अचानक आत आला. माझ्या तोंडात घास होता. तो काही न बोलता वळला आणि बाहेर गेल्यावर त्याने दिवाणखान्यातला टीव्ही मोठा केला, का ते मला अजून नीट कळलेले नाही. त्या संध्याकाळी त्याने माझ्या ताटलीत एक समोसा जास्त ठेवला.

अम्मी उरलेले रोजे हिवाळ्यात ठेवते, कारण दिवस लहान असतो. तेव्हा तिला सहेरीला कोणी उठवत नाही आणि तिच्यासाठी कोणी फळेही कापत नाही. वर्षातले ते सात-आठ रोजे ती एकटीच ठेवते, हे मला गेल्या डिसेंबरपर्यंत लक्षातच आले नव्हते. आमच्या घरी आधी कोण उठते, हे यातून कळावे.

तुर्भे, फळबाजार (गाळ्यावर मेहता, म्हणजे हिशेबनीस)

मी साताऱ्याकडचा, माळकरी घरातला. एकादशी करतो, पण त्यात साबुदाणा असतो आणि पाणी असते, त्यामुळे तुलना करत नाही. आमच्या गाळ्यावर रमजानच्या आठवडाभर आधीपासून कलिंगड, खरबूज, पपई आणि अननसाची आवक-जावक वाढते आणि भावही चढतो. गिऱ्हाईक म्हणते की तुम्ही मुद्दाम वाढवता. उन्हात एका दिवसात फुटणाऱ्या मालाचा अर्धा ट्रक फेकून दिला आहे कधी, एवढेच मी त्यांना विचारतो.

गाळ्यावर आलेल्या गाड्या खाली करणाऱ्यांत दोघे रोजेदार आहेत. ते पहाटेच, घशात थोडा ओलावा असेपर्यंत, जड माल उतरवून घेतात आणि दुपारची मोजणी-नोंदणी आम्ही त्यांच्याकडे देतो. हे कोणी ठरवले नाही. एका वर्षी झाले आणि मग दरवर्षी होत गेले. आषाढात मी वारीला जातो, तेव्हा माझी वही त्यांच्यातलाच एक जण लिहितो. त्याचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे, हे शेटजी मला परत आल्यावर दर वेळी सांगतात.

कोपरखैरणे (संगणक क्षेत्रात नोकरी)

आमच्याकडे वडील आधी उठायचे. त्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन सुरू झाले आणि डॉक्टरांनी रोजे बंद करायला सांगितले. मौलानांनीही तेच सांगितले: प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचे, फिदया म्हणतात त्याला. वडिलांनी ते मान्य केले, पण उठणे सोडले नाही. ते चारला उठतात, आम्हाला वाढतात आणि आम्ही खात असताना समोर तस्बीह (जपमाळ) घेऊन बसतात. आई चिडते.

2020 साली 25 एप्रिलपासून रोजे होते आणि टाळेबंदीमुळे मशिदी बंद होत्या, तेव्हा घरात तरावीह त्यांनीच पढवली. ते हाफिज नाहीत, म्हणजे कुराण त्यांना पूर्ण पाठ नाही. कुराणातल्या शेवटच्या दहा सूरा (अध्याय) त्यांना पक्क्या येतात. एका रकातीला (नमाजच्या एका आवर्तनाला) एक, अशा त्या दोनदा फिरवल्या की वीस रकाती होतात. सोफा गच्चीच्या दाराला लावून आम्ही चौघे दिवाणखान्यात उभे राहायचो. तिसाव्या रात्रीपर्यंत माझ्या सहा वर्षांच्या पुतणीला त्या दहाही सूरा पाठ झाल्या होत्या, आणि वडील कुठे अडखळले तर मागून तीच सांगायची.

धागालेखिका

नेरूळच्या ताईंचा अनुभव मी आईला वाचून दाखवला. तिने काही म्हटले नाही. फक्त, "आमच्या वेळी कोठीच्या खोलीत खात होतो, तिथे उंदीर होते," एवढे सांगून ती कामाला लागली.

तळोजा (गृहिणी)

उशीर झाला, पण चांदरातीचे, म्हणजे ईदच्या आदल्या रात्रीचे, कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. महिना 29चा की 30चा हे 29व्या संध्याकाळी ठरते, आणि ज्या बाईला शीर खुर्मा करायचा असतो तिला त्यासाठी थांबता येत नाही. खारका आदल्या रात्रीच भिजत घालाव्या लागतात, तेव्हा कुठे सकाळी त्यांच्या बारीक काचऱ्या होतात. चारोळी पाण्यात भिजवून दोन तळव्यांमध्ये चोळली की साल सुटते. मग ती परडीत घेऊन पाण्यात हलवली की साले वर तरंगतात आणि दाणे खाली राहतात. बदाम-पिस्त्यांचेही हेच. दूधवाल्याला मी चार दिवस आधी सांगून ठेवते, "29 झाले तर सहा लिटर, नाही झाले तर नेहमीचे," आणि तो दरवर्षी म्हणतो, "ताई, मी चंद्राला विचारून येतो."

एका वर्षी आम्ही सगळ्या जावा मिळून 29व्या संध्याकाळी तयारीला बसलो. मुले गच्चीवर होती. खारका कापून झाल्या, चारोळी सोलून झाली, शेवया तुपात परतायला कढई ठेवली, मुलींच्या हातांवर मेंदी अर्धी काढून झाली. साडेआठपर्यंत कुठूनही खबर आली नाही. मग मशिदीतून घोषणा झाली की उद्या तिसावा रोजा, आणि पुरुषमंडळी तरावीहला निघून गेली. थोरल्या जाऊबाईंनी कढईखालचा गॅस बंद केला, चारोळीच्या वाटीवर झाकण ठेवून ती फ्रिजमध्ये सरकवली, मेंदीचे हात तसेच ठेवून मुलींना झोपायला पिटाळले. शेवटी ओटा पुसताना त्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला, कारण त्यांचे हात तुपाचे होते, आणि म्हणाल्या, "चारचा गजर बंद केला होता मी. परत लाव."