घाट उतरताना गाडी न्यूट्रल केल्याने पेट्रोल खरोखर वाचते का?

शृंगारतळीकर

नमस्कार मंडळी. नोकरीसाठी मला गुहागर तालुक्यातून चिपळूणला रोज जावे लागते आणि सासुरवाडी कराडची असल्यामुळे कुंभार्ली घाटही अधूनमधून पार करावा लागतो. २०२१ मध्ये पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली, ती अजून खाली आलेली नाही. गाडी बदलणे शक्य नाही, त्यामुळे चालवण्याची पद्धत बदलावी असा विचार आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी, जमल्यास इंजिनही बंद करावे, असा सल्ला कार्यालयातील दोन-तीन सहकारी देतात. गाडी २०१८ ची, पेट्रोलवर चालणारी, साध्या गिअरची आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गॅरेजवाला_चिपळूण

आपले सहकारी सांगतात ते जुन्या, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढणाऱ्या गाड्यांच्या काळात काही अंशी खरे होते, परंतु आपल्या गाडीत फ्युएल इंजेक्शन, म्हणजे इंजेक्टरने मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा आहे. अशी गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की चाकेच इंजिनाला फिरवत राहतात आणि नियंत्रक यंत्रणा इंजेक्टरमधून येणारे पेट्रोल थांबवते. इंजिनाचे फेरे बरेच कमी झाल्यावरच ते पुन्हा सुरू होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला सतत पेट्रोल पाजावे लागते. लहान गाडी उभ्या जागी तासाला सुमारे पाऊण लिटर पिते असे धरले, तर वीस मिनिटांच्या उतारावर पाव लिटर, म्हणजे पंचवीस रुपयांहून थोडे अधिक, आपण विनाकारण जाळतो.

याला एक अपवाद मान्य करायला हवा. उतार अगदी सौम्य असेल तर गिअरमधील गाडी मंदावते, पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो आणि तेथे हिशेब उलटा होऊ शकतो. तरीही त्या चार पैशांसाठी वळणावळणाच्या रस्त्यावर गाडीवरचा ताबा सोडावा, असे मी कोणालाही सांगणार नाही.

निवृत्त_चालक

पैशांचा हिशेब गॅरेजवाल्या भाऊंनी केलाच आहे, म्हणून मी ब्रेकबद्दल लिहितो. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, तो तापतो आणि फार तापला की पाय पूर्ण दाबूनही गाडी आवरत नाही. इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-चार दाबांत संपते, स्टिअरिंग जड होते आणि चावी चुकून पूर्ण फिरली तर ते कुलूपबंदही होऊ शकते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा आमचा जुना पाठ पावसाळ्यात, दरड आणि चिखल रस्त्यावर आलेला असताना, विशेष पाळावा.

एसटीत दर १० लिटर डिझेलमागे किती किलोमीटर पडले यावर चालकाची पारख होते. माझ्या अनुभवाने हा आकडा उतारावर नव्हे, चढावर सुधारतो. चढ दिसताच गाडीला थोडी गती द्यावी, इंजिन कण्हू लागण्याच्या आत गिअर उतरवावा आणि पुढच्या ट्रकला मध्येच ओलांडण्याचा मोह टाळावा. घाटात चढणाऱ्या वाहनाला प्राधान्य देण्याचा नियम सुरक्षिततेचा तर आहेच, पण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलायला किती इंधन लागते हे ज्याने भरलेली बस चालवली आहे त्याला विचारा. हल्ली हा नियम पाळणारे कमीच दिसतात, असो.

दापोलीहून

घाटापेक्षा महामार्गावर अधिक वाचते, असे माझे मत आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. चौपदरी झालेल्या भागांत सगळेच गाडी हाणतात आणि पुढे काम रखडलेल्या ठिकाणी एकाच रांगेत येऊन थांबतात. गणपतीला टपावर बांधलेला कॅरिअर दिवाळीपर्यंत रिकामा मिरवणाऱ्यांनी तो आधी उतरवावा. टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी.

शिवाय शक्य तेथे फेरीबोट घ्यावी. दापोलीहून गुहागरला खेड-चिपळूणमार्गे जायचे तर शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. दाभोळ-धोपावे फेरीने ते निम्म्यावर येते. तिकिटाचे पैसे धरूनही चारचाकीला हे परवडते. रांगेत मात्र एसीसाठी इंजिन चालू ठेवू नये.

शृंगारतळीकर

सर्वांचे आभार. निवृत्त काका, गिअरचे आजपासूनच पाळतो. गॅरेजवाले दादा, मनात एक शंका उरते: गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो, फेरे जास्त दिसतात, मग पेट्रोल शून्य कसे?

गॅरेजवाला_चिपळूण

फेरे चाकांमुळे वाढतात, इंधनामुळे नव्हे. आपल्या डॅशबोर्डवर त्या क्षणाचे मायलेज दाखवण्याची सोय असेल, तर कुंभार्ली उतरून पोफळीकडे येताना शेजारी बसलेल्या माणसाला तो आकडा पाहायला सांगा. पाय काढलेला आणि गाडी गिअरमध्ये असताना तो बहुतेक गाड्यांत सर्वांत वरच्या टोकाला जाऊन थांबतो. तुलनेसाठी न्यूट्रल करून पाहायचेच असेल, तर ते घाटात न करता खाली सरळ, मोकळ्या रस्त्यावर करावे.