प्रतिसाद: वाफारा, अँटिबायोटिक आणि आरएसव्ही

वर एका ताईंनी विचारलंय की सहा महिन्यांचं बाळ आरएसव्हीमुळे (श्वसनमार्गाचा एक संसर्ग) दाखल आहे, तरी डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत. हलगर्जीपणा तर नाही ना? ताई, बहुधा ते बरोबरच करताहेत. आरएसव्ही हा विषाणू आहे, अँटिबायोटिक त्याला काहीच करत नाही. जोडीला जिवाणूंचा संसर्ग दिसला तरच ते लागतं.

या आजारात फुप्फुसातल्या अगदी बारीक श्वासनलिका सुजतात, चिकट कफाने भरतात. इतक्या लहान नळीत थोडी सूज आली तरी वाट अडते. म्हणून खरे उपचार साधेच: गरजेप्रमाणे ऑक्सिजन, नाक साफ ठेवणं, पोटात किंवा शिरेतून पुरेसं पाणी. दम्याच्या औषधाचा वाफाराही बहुतेक बाळांना फारसा उपयोगी पडत नाही. काहीच करत नाहीत असं वाटतं खरं, पण तासातासाला श्वास आणि ऑक्सिजन बघणं हेच मोठं काम.

घरी असलेल्यांनी बाळ शांत असताना अंगावरचे कपडे वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त आले, पोट उडतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दूध ओढत नाही, तर वाट बघू नका. ओठ निळसर दिसले तर तडक दवाखाना.

आणि कळकळीची विनंती, वॉर्डात बाळाला बघायला गर्दी करू नका. मोठ्यांचं साधं पडसं हातांवरून बाळापर्यंत पोचतं. शेजारच्या खाटेवर हृदयाचा आजार असलेलं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असू शकतं.