मदत हवी आहे: सोलापूर ते मनाली स्वतःच्या गाडीने, जानेवारीअखेर. रात्री गाडी लावायची कुठे आणि कशी?

नमस्कार मंडळी,

लेकीचा मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत स्कीइंगच्या कोर्सला नंबर लागलाय. सराव सोलंगच्या उतारांवर. गड्ड्याची जत्रा उरकली की निघायचं, तिला सोडायचं, दोन-तीन दिवस आपण बर्फ बघायचा आणि परत फिरायचं, असा बेत आहे. खरं तर कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली आणि पुढे बस, इतकं सोपं होतं. पण सासऱ्यांनी नकाशा उघडला. आपल्या दारावरून तुळजापूरकडे जातो तोच ५२ नंबरचा हायवे बीड, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत पंजाबात संगरूरला निघतो, हे कळल्यापासून त्यांच्या लेखी मनाली म्हणजे तुळजापूरच्या जरा पुढचं गाव. दोन हजार किलोमीटरच्या वर होतंय म्हटलं तर "मग कडक भाकरी जास्त घे" म्हणाले.

गाडी २०२१ची डिझेल एसयूव्ही, हाताने गिअर टाकायची, ओढ पुढच्या चाकांना. बॅटरी गाडीबरोबर आलेलीच. मी आणि नवरा दोघंही चालवतो. अंबा घाट, वरंध घाट पावसात केलेत, त्यामुळे घाटाची भीती नाही. बर्फात चालवायची हौसही नाही. माझी काळजी वेगळी आहे. गाडी रात्रभर शून्याखाली उभी राहणार, तेव्हा तिला काय होतं? आणि सकाळी ती सुरू होईल याची खात्री कशी करायची? सोलापुरात आपण गाडीची काळजी घेतो ती उन्हापासून. थंडीपासून कशी घेतात हे घरात कुणालाच माहीत नाही.

हे लिहायला बसले त्याला कारण घडलं. परवा बॉनेट उघडून कूलंटची बाटली पाहिली. आत हिरवं काहीच नाही, चहाच्या फुळकवणीसारखं पाणी. दिवाळीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात कूलंटचे पैसे लावलेले आहेत. गॅरेजवाल्याला विचारलं तर हसून म्हणाला, "मॅडम, सोलापुरात पाणीच चालतं." चालत असेल. पण ते पाणी मनालीत चालेल का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

मी मूळचा सोलापूरचा, सध्या चंदीगडला. आधी एक गोष्ट डोक्यातून काढा: गाडी सोलंगपर्यंत न्यायची नाही. मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे, सोलंग तिथून १३-१४ किलोमीटर वर, २,५०० मीटरच्या आसपास. बर्फ पडला की पोलीस नेहरू कुंडापाशी साध्या गाड्या थांबवतात आणि पुढे फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेल्या गाड्या सोडतात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात एका बर्फवृष्टीत हजारभर गाड्या अडकल्या होत्या. चालवणारे सगळे अडाणी नव्हते. वर जाताना रस्ता कोरडा होता, दुपारनंतर बर्फ सुरू झाला, आणि पुढची एक गाडी घसरली की मागच्या सगळ्या जागच्या जागी.

तुम्ही गाडी मनालीत किंवा त्याहून बरं म्हणजे खाली कुल्लूत ठेवा. कुल्लू १,२०० मीटरच्या आसपास आहे, तिथे रात्रीची थंडी मनालीपेक्षा पुष्कळ कमी. वर जायला स्थानिक फोर बाय फोर टॅक्सी करा. पैसे जातील, पण तो माणूस रोज त्याच वळणांवर असतो.

आणि तुमचा खरा शत्रू कदाचित बर्फ नसून आमच्या हरियाणा-पंजाबचं धुकं असेल. जानेवारीत सकाळी दहापर्यंत समोरचा ट्रक दिसत नाही. या पट्ट्यात पहाटे लवकर निघायची सोलापुरी सवय मोडा. नाश्ता करा, ऊन येऊ द्या, मग निघा.

प्रतिसाद २

ताई, मी बार्शीकडचा. फौजेत सतरा वर्षं गाडी चालवली, त्यातले तीन हिवाळे कारगिलजवळ द्रासला काढले. तुमचा प्रश्न आवडला, कारण लोक चालवायचं विचारतात, लावायचं कुणी विचारत नाही.

आपल्याकडं गाडी लावताना आपण काय बघतो? सावली. लिंबाचं झाड दिसलं की घाल गाडी खाली. तिथं उलटं. सकाळचं ऊन कुठं पडतं ते आदल्या दिवशी बघून ठेवायचं आणि तिथं लावायची. देवदाराखाली तर अजिबात नको. ओल्या बर्फाच्या वजनानं फांदी मोडते आणि थेट टपावर येते. उतरत्या पत्र्याच्या घराला चिकटूनही नको. रात्रभर पत्र्यावर साठलेला बर्फ दुपारी ऊन लागलं की एकदम सुटतो. मी फौजेच्या एका जोंगा जीपची काच अशी जाताना बघितलीय, आवाज ऐकून आम्हाला वाटलं काही पडलं डोंगरावरून.

दुसरं, हँडब्रेक. आपण उतरताना न बघता खर्रकन ओढतो. तिथं ओली गाडी लावून हँडब्रेक ओढला की रात्री आतलं पाणी गोठतं, लायनर ड्रमला चिकटतं आणि सकाळी मागची चाकं फिरतच नाहीत. त्यामुळं सपाट जागा शोधायची, गाडी गिअरमध्ये टाकायची, उताराच्या बाजूनं चाकाखाली दगड लावायचा आणि हँडब्रेक सोडून द्यायचा. चढाला तोंड असेल तर पहिला, उताराला तोंड असेल तर रिव्हर्स. उतारावरच लावावी लागली तर मात्र हँडब्रेकशिवाय ठेवू नका. त्यापेक्षा दुसरी जागा बघा.

तिसरं, तोंड बाहेर करून लावा. सकाळी बर्फात रिव्हर्स घेत बसायची वेळ येऊ नये. रस्त्याच्या कडेलाही नको. बर्फ ढकलणारा जेसीबी सगळा ढीग तुमच्याच गाडीवर लोटतो, आणि तो ढीग गोठला की फावड्यालाही ऐकत नाही.

वायपर उभे करून ठेवा. दाराचं रबर कोरडं पुसून त्याला ग्लिसरीनचा हात फिरवा, नाहीतर दार चिकटतं आणि ओढलं की रबर हातात येतं. काचेवर बर्फ असेल तर गरम पाणी ओतू नका, तडकते. प्लॅस्टिकच्या खरवडणीनं काढा, ती नसेल तर जुनं एटीएम कार्ड.

धागालेखिका

दादा, खूप आभार. तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. "दगड ठीक आहे, पण कव्हर घालायचंच" म्हणतात. चौपाडातून खास शिवून आणलेलं आहे.

हॉटेलवाला फोनवर "पार्किंग है जी" एवढंच म्हणतो. फोटो मागवला तर रस्त्यालगत एक उतरता तुकडा आणि त्यावर वाकलेलं झाड. म्हणजे तुम्ही सांगितलेलं सगळं एकाच फोटोत.

प्रतिसाद ३

कव्हर सोलापुरात धुळीला आणि उन्हाला ठीक. तिथे ते ओलं होऊन रंगाला गोठून चिकटतं, वाऱ्यात घासलं की रंगावर ओरखडे. त्यापेक्षा फक्त पुढच्या काचेवर जुनी सोलापुरी चादर घाला, दोन्ही टोकं दारात दाबून. चादर कोरडी हवी, आणि सकाळी बर्फासकट उचलायची.

आता बॉनेटखालचं. कूलंट हा तुमचा पहिला खर्च. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. इंजिनाच्या आत फुगायला जागा नसते, म्हणून रेडिएटर फुटतो, नशीब वाईट असेल तर ब्लॉकला चीर जाते. सगळं पाणी काढून, साध्या पाण्याने धुऊन, ग्लायकॉल (कूलंटचा मूळ द्रव) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घ्या. या प्रमाणात ते उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. नुसतं ग्लायकॉल भरू नका, ते मिश्रणापेक्षा लवकर गोठतं. काम होईपर्यंत तिथेच उभ्या राहा, हे सांगायला नकोच. काचा धुवायच्या बाटलीतलं शाम्पूचं पाणीही काढून टाका, तेही गोठतं.

डिझेलचं असं आहे की त्यात मेण असतं आणि थंडीत ते घट्ट होऊन फिल्टर तुंबवतं. आपल्या भारतीय मानकात डिझेलचा पोअर पॉइंट (ज्याच्या खाली ते वाहायचं थांबतं ते तापमान) उन्हाळ्यासाठी जास्तीत जास्त १५ अंश आणि हिवाळ्यासाठी ३ अंश धरलाय. प्रत्यक्ष डिझेल त्याहून बरं असतं, तरी मैदानातलं डिझेल टाकीत घेऊन वर जाऊ नका. मंडीच्या अलीकडे टाकी उतरू द्या आणि कुल्लू-मनालीच्या पंपावर भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांचं वेगळं हिवाळी डिझेल आणलं. मनालीत तुम्हाला तेवढ्याची गरज नाही.

बॅटरी बदला. लोक म्हणतात थंडीत बॅटरी मरते. ती मरते सोलापूरच्या ४३ अंशांत, थंडीत फक्त उघडकीला येते. उणे १८ ला चांगल्या बॅटरीची ताकदही निम्म्यावर येते, आणि तुमची चार उन्हाळे काढलेली.

प्रतिसाद ४

टायरमधली हवा २० पर्यंत उतरवा, बर्फात पकड येते. आणि रात्री दोन-तीनदा उठून गाडी सुरू करून ठेवा, किंवा चालूच राहू द्या. मी केलंय, काही झालं नाही.

प्रतिसाद २

साहेब, काही झालं नाही हे तुमचं नशीब. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी नावाच्या डोंगरातल्या गावी बर्फात गाड्या अडकल्या आणि वीसहून जास्त माणसं गाडीतच गेली. सायलेन्सर बर्फात बुजला की धूर आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. अडकलाच तर आधी उतरून सायलेन्सर मोकळा करायचा, मग थोडा वेळ इंजिन चालवायचं, एक काच बोटभर उघडी ठेवून.

हवा २० ची युक्ती वाळूत ठीक. डांबरावरचा बर्फ आणि घाटातली वळणं यात नको.

प्रतिसाद ३

हवेबद्दल थोडं. सोलापुरात ३० अंशांत ३३ भरलेली हवा उणे पाचला सुमारे साडेपाच पीएसआयने उतरते. पण उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्याने मीटरवर अडीचेक परत मिळतात. त्यामुळे घाबरून भरत सुटू नका. मनालीत सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा आणि कंपनीने दिलेल्या आकड्यावर आणा.

बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायच्या साखळ्या नेणार असाल तर त्या पुढच्या चाकांना, कारण ओढ तिथे आहे. टायरवरचा आकडा बघूनच घ्या, आणि गाडीच्या पुस्तिकेत साखळीला जागा आहे का तेही बघा. चाळीसच्या खाली चालवा, कोरडं डांबर लागलं की काढा. मुख्य म्हणजे घरी दोन-तीनदा लावून बघा. तिथे अंधारात, बधिर बोटांनी पहिल्यांदा शिकता येत नाही.

धागालेखिका

सगळ्यांचे आभार. काय ठरलं ते सांगते.

हॉटेल बदललं. नव्या ठिकाणी फोनवर तीनच प्रश्न विचारले: जागा सपाट आहे का, वर झाड किंवा पत्रा आहे का, सकाळी ऊन किती वाजता येतं. तिसऱ्या प्रश्नावर तो थांबला आणि म्हणाला, "मॅडम, आप पहले आ चुकी हैं क्या?" गाडी तिथेच राहील, सोलंगला टॅक्सीने जायचं. बर्फाचा इशारा असेल तर गाडी कुल्लूतच ठेवायची. नवी बॅटरी बसवली. कूलंट दुसऱ्या गॅरेजात, शेजारी उभी राहून बदलून घेतलं. जुनं पाणी बादलीत आलं ते गंजाने लालसर होतं.

काल दुपारी अंगणात जुनी चादर अंथरून साखळ्यांची तालीम केली. ३१ अंश होतं. शेजारच्या काकू फाटकातून बघत होत्या. म्हणाल्या, "गाडीला पैंजण घालताय व्हय?" पहिल्या खेपेला पाऊण तास गेला, आणि लावून झाल्यावर कळलं की साखळी उलटी बसलीय, हुकांची तोंडं टायरकडे. तिसऱ्या खेपेला पंधरा मिनिटं. मग लेकीने स्कीइंगचे हातमोजे घालायला लावले, तर परत अर्धा तास.

कव्हर घरीच राहणार, सासऱ्यांनी कबूल केलं. पण आज सकाळी हौदाजवळचे दोन दगड धुऊन, पोत्यात बांधून डिकीत ठेवलेत त्यांनी. तिथले दगड बर्फाखाली असतील म्हणे.