मासळीच्या ईको कार्गोचा तळ गंजलाय, पासिंगच्या आधी काय काय करून घेऊ?

मालवण_रापण
नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही. माझी २०१७ ची मारुतीची ईको कार्गो (मालवाहू व्हॅन), सीएनजीवाली, तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. मालवणातून आठवड्याला चार फेऱ्या कोल्हापूर, कणकवली, फोंडाघाट, राधानगरी असा रस्ता, दीडशेक किलोमीटर होतात. लिलाव आटपला की बांगडा-सुरमई बर्फात भरायची आणि निघायचं, पहाटे मार्केटला पोचलंच पाहिजे. येताना भाजी भरून आणतो.

गेल्या रविवारी मागचं रबर मॅटिंग उचललं तर खाली पत्रा फुगलेला, ड्रायव्हर साइडच्या चाकावरच्या कमानीशेजारी स्क्रूड्रायव्हर टेकवला तर सरळ आत गेला. इंजिन एकदम मस्त आहे, गाडी काढायची इच्छा नाही, घर याच्यावर चाललंय. पण ८ वर्षं झाली म्हणजे आता पासिंग दरवर्षी, आणि असा तळ घेऊन आरटीओत उभं राहायची भीती वाटते. एका गॅरेजवाल्याने सांगितलं की वरून फायबर मारून देतो, दोन दिवसांत गाडी घेऊन जा. दुसऱ्याने सांगितलं की अल्युमिनियमची चेकर प्लेट स्क्रूने बसव, खालचं दिसणारच नाही.

अजून दोन गोष्टी. घाट चढताना मागची बाजू बसते, स्टिअरिंग हलकं वाटतं, एका खड्ड्यात टायर आत घासल्याचा आवाज आला, म्हणून मागच्या स्प्रिंगमध्ये ते रबराचे बफर टाकायचा विचार आहे. आणि भाजी घेऊन उतरताना खाली फोंड्यात पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास येतो. हे सगळं काम जून-जुलैच्या मासेमारी बंदीत करायचं ठरवलंय, तेव्हा गाडी उभीच असते. बरोबर आहे का? कोणी मासळीची गाडी वापरत असेल तर अनुभव सांगा.

शिरोली_पत्राकाम
भावा, पहिलं सांगतो, फायबर मारू नकोस आणि प्लेट पण ठोकू नकोस. पत्र्याचं काम करतोय बावीस वर्षं, असल्या झाकलेल्या गाड्या दोन वर्षांनी माझ्याकडंच येतात आणि तवर नुसता तळ नाही तर खालची चेसिसची नळी पण खाल्लेली असते. गंजावर काहीपण चिकटवलं तरी गंज खाली चालूच राहतो, उलट झाकल्यामुळं ओल वाळत नाही. आणि प्लेट स्क्रूनं ठोकायची म्हटलं तर एकेक स्क्रू म्हणजे एकेक भोक, खारं पाणी तिथनंच आत जाणार. त्यात अल्युमिनियम आणि लोखंड एकमेकाला टेकून मध्ये मिठाचं पाणी आलं की अल्युमिनियम पांढरं पडून भुगा व्हायला लागतं. अजून एक, तळाखालनं ब्रेकची पाइप, पेट्रोलची पाइप, सीएनजीची नळी गेलेली असते. वरनं ड्रिल मारताना एकाला खालचं दिसत नव्हतं आणि त्यानं ब्रेक पाइपच फोडलेली मी बघितलीय.

बरोबर पद्धत अशी. मॅटिंग, सीट, सगळं काढून गाडी रॅम्पवर घे. हातोडीचं टोक मारत मारत जा, जिथं आवाज बद्द येईल तिथवर पत्रा गेला असं समज. तेवढा कापून काढायचा, चांगला चकचकीत पत्रा लागेपर्यंत, आणि नवीन ठिगळ सीओटू वेल्डिंगनं लावायचं. आर्क वेल्डिंगनं पातळ पत्रा जळतो, नको. वेल्डिंगच्या आधी सीएनजीचा सिलिंडर उतरवून ठेवायचा, ते काम किट बसवणाऱ्या अधिकृत सेंटरकडनंच करायचं, पेट्रोल टाकी पण उतरवायची आणि बॅटरीची वायर काढायची. ह्यात "काय हुत नाही" म्हणणारा गॅरेजवाला असला तर तिथनं उठून ये. वेल्डिंग झालं की सांध्यात सीलंट, वरनं खालनं दोन्हीकडनं एपॉक्सी प्रायमर, मग खाली अंडरबॉडी कोटिंग. पोकळ नळ्यांच्या आत वॅक्स स्प्रे मारून घे, गंज आतनं येतो आणि ते कोणी बघतच नाही. सिलिंडर उतरलाच आहे तर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाखाली सिलिंडर तपासतात ती) तारीख बघ, दर ३ वर्षांनी लागते.

आणि बंदीत कोकणात रंगकाम? जूनमध्ये मालवणात कपडे वाळत नाहीत, प्रायमर काय वाळणार! ओल्या हवेत मारलेल्या रंगाखाली पाणी अडकतं, मग वर्षात फुगा. पत्र्याचं काम मेच्या पंधरवड्याआधी उरकून घे, चार फेऱ्या बुडाल्या तर बुडू देत.

इस्लामपूर_दूधगाडी
दादा, माझी पण कार्गो आहे, पनीर-दही घेऊन रोज सांगली-मिरज. मासळी नाही पण पाण्याचा त्रास तोच. शिरोलीच्या दादांनी पत्र्याचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, पण मला विचाराल तर आधी हे बघा की पाणी पत्र्यापर्यंत पोचतंय कशाला. ठिगळ लावलं आणि परत तसेच भोकाचे क्रेट ठेवले तर पुढच्या वर्षी तेच.

एक विचारते, तुम्ही वजन मोजताना बर्फ धरता का? मासळीला बर्फ जवळपास बरोबरीनेच लागतो ना? आरसीवर मोकळ्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं वजन दोन्ही लिहिलेली असतात, वजाबाकी करा, त्यातच माणसं, क्रेट, रॅक सगळं आलं. मी पहिल्या वर्षी फक्त मालाचं वजन धरायचे, काट्यावर गाडी नेली तेव्हा पोटात गोळा आला.

मालवण_रापण
ताई, तुमचं वाचून आत्ता हिशोब केला. २० क्रेट, प्रत्येकात १८ किलो मासळी, म्हणजे ३६०. बर्फ तेवढाच, म्हणजे ७२०. क्रेटचे ४० धरले, मी आणि भाचा मिळून १४०. झाले ९०० किलो! आरसीतली वजाबाकी सहाशेच्याही खाली येते. तीन वर्षं मी ३६० किलोच माल आहे म्हणून निर्धास्त होतो.

इस्लामपूर_दूधगाडी
बघा, म्हणजे स्प्रिंगचा दोषच नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली ओव्हरलोडला २० हजार दंड, वर जास्तीच्या प्रत्येक टनाला २ हजार. दंडाचं राहू द्या, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं वजन विचारतात.

आता पाण्याचं. ३६० किलो बर्फातला तिसरा हिस्सा जरी वाटेत वितळला तरी शंभर लिटरच्या वर खारट पाणी दर फेरीला तुमच्या तळावर सांडतंय. मी केलं ते सांगते. भोकाचे क्रेट बंद केले आणि झाकणवाले इन्सुलेटेड बॉक्स घेतले, पफ म्हणजे थंडावा धरणारा फोम भरलेले. महाग पडले, खोटं सांगत नाही, पण बर्फ खूप कमी लागायला लागला, म्हणजे वजन पण कमी आणि पाणी पण कमी. बॉक्सखाली पूर्ण तळाच्या मापाचा फायबरचा ट्रे बनवून घेतला, चारी बाजूंनी चार बोटं उभी कड, मागे थोडा उतार आणि कोपऱ्यात नळी, ती नळी कॅनमध्ये. ट्रे एकही स्क्रू न मारता बसवलाय, कंपनीने सामान बांधायला दिलेल्या हुकांना पट्ट्यांनी आवळलाय. दर रविवारी दोघांनी उचलायचा, खालून पुसायचं, दारं उघडी टाकून उन्हात वाळवायचं. तुमच्यासारखं रबर मॅटिंग माझ्याकडे पण होतं, त्याच्याखाली पाणी जातं आणि बाहेर यायला वाटच नसते. पहिलं ते फेकून द्या.

कॅन गाडीतच ठेवा हं, नळी रस्त्यावर सोडू नका. घाटात वळणावर मासळीचं पाणी सांडलं की मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. आमच्या नात्यातला एक मुलगा असाच पडलाय, हात मोडला.

धुवायला ब्लीच वापरत असाल तर बंद करा, वास जातो पण पत्रा खातं. भांड्याचा साबण, गोडं पाणी भरपूर, आणि वासाला खायचा सोडा. आतून भिंतींना अस्तर करायचं असेल तर ग्लासवूल अजिबात नको, पाणी धरून ठेवतं. बंद पेशींचा फोम मिळतो, नायट्राइल रबर शीट म्हणून मागा.

सावंतवाडी_जुना_चालक
मी तीस वर्षं आंबोली आणि फोंडा दोन्ही घाटांत गाडी चालवली आहे, ब्रेकबद्दल लिहितो. जळका वास येतो म्हणजे तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून उतरता आहात. ज्या गियरमध्ये भरलेली गाडी चढते त्याच गियरमध्ये उतरायची, दुसरा टाका आणि इंजिनाला धरू द्या, मध्येमध्ये घट्ट ब्रेक मारून सोडायचा, सतत घासत ठेवायचा नाही. काही पोरं गॅस वाचवायला न्यूट्रल करतात, ते तर मरण आहे. एकदा एवढे तापले की मागचे ड्रम उघडून बघाच, लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले असतील तर नुसता पॉलिश पेपर मारून चालणार नाही, नवीन शू टाका, व्हील सिलिंडर गळतो का तेही बघा. ब्रेक ऑइल कधी बदललं होतं? ते हवेतली ओल ओढतं, कोकणात तर जास्तच, आणि तापलं की त्यात वाफ धरून पॅडल खाली जातं. दर २ वर्षांनी बदला.

आणि ते रबर बफर टाकू नका. गाडीची वजन पेलायची ताकद वाढत नाही, गाडी फक्त वर दिसते, ॲक्सल आणि बेरिंगवर भार तेवढाच. दुसरं म्हणजे अशा बऱ्याच गाड्यांना मागच्या ॲक्सलजवळ एलएसपीव्ही असतो, म्हणजे मागे किती वजन आहे ते गाडी किती बसली यावरून ओळखून मागच्या ब्रेकला दाब देणारा वाल्व. बफर टाकून गाडी उचलली की त्याला वाटणार गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळणार. घाटात हे नको.

स्टिअरिंग हलकं होतंय ते वजन जास्त आणि शिवाय जड क्रेट दाराजवळ ठेवता म्हणून. जड माल मागच्या चाकांच्या पुढे, पार्टिशनला टेकवून, आणि दाराकडे हलका. स्प्रिंग आणि शॉकॲब्जर तीन वर्षं एवढं वजन झेलून दबले असतील तर कंपनीच्या मापाचेच नवीन घाला. गाडी सोडताना खालून टक् आवाज येतो का? येत असेल तर प्रॉपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस म्हणजे सांधा गेला असेल. डिफरन्शियलचं ऑइल पण एकदा काढून बघा, बोटाला धातूच्या कणांची चमचम लागली तर आत पाहावं लागेल.

शिरोली_पत्राकाम
काकांनी लाखातलं सांगितलं. मी एवढंच घालतो, सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत आणि दाराच्या तळाला पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती मासळीच्या खवल्यांनी बुजलेली असणार, तारेनं मोकळी कर. दाराच्या रेलला ग्रीस नको, रेती धरतं, सिलिकॉन स्प्रे मार. आणि ट्रे-बॉक्स उचलून काढता येतात त्यामुळं गाडीचा साचा बदलत नाही. पण उद्या छत कापून कूलिंग युनिट बसवायचं डोक्यात आलं तर आरटीओची परवानगी आधी घे, कलम ५२ मध्ये येतं ते, नंतर पासिंगला अडकशील. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी रिफ्लेक्टर पट्टी रंगकामानंतर नवीन लाव, जुनी काढताना फाटतेच.

मालवण_रापण
सगळ्यांना देव बरें करो. काल संध्याकाळी १० क्रेट भरले, बर्फ धरून ३६० किलोच, सगळे पार्टिशनला टेकवून. स्टिअरिंग जड लागलं, घाटात मागचा टायर कुठे घासला नाही. पण अर्धा माल म्हणजे अर्धा धंदा, भाडं परवडत नाही, म्हणून शेजारच्या दोघांशी बोललो, माझ्या गाडीत सुरमई-पापलेटच नेऊ आणि बांगडा त्यांच्या टेंपोत टाकू. जमेल असं वाटतंय. येताना दुसऱ्या गियरमध्येच उतरलो, भाचा मागून वास घेत होता, काही आला नाही. तरी ड्रम उद्या उघडतोय.

मॅटिंग काढून टाकलं. खाली पाणी होतं, अजून ओलंच.

शिरोलीच्या दादा, ५ मेला गाडी आणली तर चालेल का? आणि ताई, ट्रेची कड चार बोटं म्हणालात, घाटात वळणावर पाणी उसळून बाहेर येत नाही ना?

इस्लामपूर_दूधगाडी
आमच्याकडे सपाट रस्ता म्हणून चार पुरतात. तुम्ही सहा करा, आणि मध्ये आडव्या दोन पट्ट्या उभ्या करून घ्या, पाणी एकदम एका बाजूला धावणार नाही. त्या पट्ट्यांना खाली अर्ध्या इंचाची खाच ठेवा म्हणजे नळीपर्यंत वाहील.

शिरोली_पत्राकाम
५ ला ये, पण आदल्या दिवशी गोड्या पाण्यानं खालनं वरनं धुऊन, दिवसभर वाळवून आण. आणि सिलिंडर कणकवलीतच उतरवून घे, सीएनजीसकट गाडी मी आत घेत नाही.